अंगणातली रांगोळी चारचौघांत काढायची आहे? इथून सुरुवात करा

रांगोळीची चिमूट आजीने माझ्या हातात दिली तेव्हा मी सहा वर्षांची होते. चारचौघांत रांगोळी काढायला मात्र त्रेचाळीसावं वर्ष उजाडावं लागलं. मधली सदतीस वर्षं मी रांगोळी काढतच होते, पण गॅलरीचं दार लोटून घेऊन. कुणाची चाहूल लागली की फडकं फिरवायचं, ही सवय.

कारण अगदी लहान होतं. शाळेत असताना इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसले होते. पर्यवेक्षक फिरत फिरत माझ्या मागे येऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. पण माझा हात थरथरायला लागला, ब्रश रेघेबाहेर गेला आणि उरलेला कागद मी कोराच दिला. पुढे मागे कुणी उभं राहिलं की हात चालेनासाच झाला.

आज सहा वर्षं झाली, नोकरी सांभाळून मी डोंबिवली-कल्याण भागात साखरपुडे, मुंजी, दुकानांची उद्घाटनं, सोसायटीचे कार्यक्रम यांच्यासाठी रांगोळी काढते, पैसे घेऊन काढते. सुरुवात कशी केली हे विचारणाऱ्यांना जे तोंडी सांगत आले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. घरी रांगोळी बरी येते पण बाहेर काढायचं धाडस होत नाही, अशांना याचा सर्वांत जास्त उपयोग होईल. अगदी कोरी पाटी असेल तरी चालेल, तिसऱ्या पायरीवर थोडं जास्त थांबा.

१. भीती नेमकी कशाची, ते आधी कागदावर लिहा

‘मला जमणार नाही’ असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. काय झालं तर वाईट वाटेल ते लिहा. माझ्या कागदावर तीन वाक्यं होती: कुणी मागे उभं राहिलं तर हात थरथरेल. रेघ चुकली तर सगळ्यांसमोर पुसावी लागेल. रांगोळीचे कुठे पैसे मागतात का, असं म्हणून लोक हसतील.

लिहिल्यावर दिसलं की तिन्हींत रांगोळी येत नाही असं कुठेच नाही. मी वर्षानुवर्षं सराव करत होते तो रांगोळीचा. कमी होता तो कुणी बघत असताना काढण्याचा सराव, आणि तो एकटीने गॅलरीत होण्यासारखा नव्हताच. पाचवी पायरी त्याच्यासाठी आहे.

तिसऱ्या वाक्याचं उत्तर इथेच देते, कारण ते घरातूनच ऐकू येतं. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत ‘तंडुलकुसुमबलिविकार’ ही एक कला आहे, म्हणजे तांदूळ आणि फुलांनी केलेली रचना. आपल्या दख्खनचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात चित्रांचे प्रकार सांगताना धूलिचित्र, म्हणजे भुकटीने काढलेलं चित्र, वेगळं सांगितलं आहे. राजाने जिची नोंद घेतली त्या कलेचे पैसे मागताना मान खाली घालायचं काही कारण नाही.

२. सामान जमवा, पण एकदम सगळं नको

पहिल्या महिन्यात एवढंच घ्या:

- पांढरी रांगोळी २ किलो
- गेरू पाव किलो
- तीन-चार रंग, प्रत्येकी पाव किलो
- चहाची जुनी गाळणी आणि मैद्याची चाळणी
- खडू, सुतळी, मोजपट्टी
- जुनं सुती फडकं आणि मऊ, रुंद ब्रश
- गुडघ्याखाली घ्यायला जाड आसन
- नाका-तोंडावर बांधायला मास्क

पांढरी रांगोळी विकत घेताना चिमटीत घेऊन बघा. पिठासारखी मऊ लागली तर घेऊ नका. ती बोटांत गोळा होते आणि मग एकदम धबकन पडते. बारीक रव्यासारखी, किंचित खरखरीत असेल ती धारेने सुटते. पूर्वी शिरगोळ्याचा दगड कुटून रांगोळी करत, कोकणात भाताचं तूस जाळून त्याची पांढरी राख वापरत. बाजारातल्या पुडीत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं, म्हणून बोटांनीच पारख करायला शिका.

नुसता रंग कधीच नीट सुटत नाही. त्यात पांढरी रांगोळी किंवा चाळलेली बारीक वाळू मिसळावी लागते. मी एका वाटीला एक वाटी घेते आणि मग हवी ती छटा येईपर्यंत रंग वाढवते. मिसळून झालं की तासभर उन्हात, मग चाळणीतून. पावसाळ्यात हे मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.

मास्क टाळू नका. रांगोळीत बऱ्याचदा गारगोटीची भुकटी असते आणि तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जात राहिली तर फुप्फुसं खराब होतात. घरी दोन मिनिटं रांगोळी काढणाऱ्याला त्याचं काही नाही, पण आपण आता तासन्‌तास तिच्यावर ओणवं बसणार आहोत.

३. चिमूट

रांगोळी सुटते ती अंगठ्यामुळे. अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमूट घ्या, मधल्या बोटाचा खालून आधार द्या, आणि अंगठा तर्जनीवरून हळूहळू पुढे सरकवा. हात जमिनीपासून अर्धा ते पाऊण इंच वर. त्याहून वर गेला की रेघ पसरट आणि धुरकट होते, खाली आला की गोळे पडतात. हात मनगटातून वळवू नका, खांद्यातून फिरवा. लांब रेघ एका दमात काढायची असेल तर श्वास रोखायचा नाही, सावकाश सोडत राहायचा.

सरावाला चैत्रांगणासारखा दुसरा वर्ग नाही. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आजी रोज पहाटे ते काढायची. मला तेव्हा तो केवळ सण वाटायचा. आता कळतं की त्या महिनाभरात हाताला हवी ती प्रत्येक हालचाल करून घेतली जाते. गोपद्मातून दोन सारखे थेंब समोरासमोर काढायला येतात. फणी आणि आरसा काढताना समांतर बारीक रेघा. नागाने लांब वळण एका धारेत येतं, शंखाने आतून बाहेर येणारा वेढा. तुळशीवृंदावनात काटकोन, कमळात सारख्या पाकळ्या. पाळण्यातली गौर, गुढी, अंबारीचा हत्ती, कासव, सूर्य, चंद्र, मोर हे सगळं दहा-बारा रेघांत ओळखू आलं पाहिजे, म्हणजे काय गाळायचं तेही शिकायला मिळतं. चैत्राची वाट बघू नका. रोज यातली पाच चिन्हं घ्या आणि प्रत्येक दहा वेळा काढा. माझी बोटं सुटायला तीन आठवडे लागले होते, तेही आधीपासून येत असताना.

४. ठिपक्यांकडून वर्तुळाकडे

ठिपक्यांची रांगोळी सात ते चारपासून सुरू करा. मधल्या ओळीत सात ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत चारपर्यंत. एकूण ३७ ठिपके होतात, काढून झाले की मोजा. नंतर पंधरा ते आठ, त्यात १६९. ठिपके तिरके जायला लागतात ते पहिल्या ओळीपासून, म्हणून मधली ओळ नेहमी खडूच्या सरळ रेघेवर घाला.

कार्यक्रमात मात्र लोक मोठी, रंग भरलेली, गोलाकार रांगोळी मागतात. संस्कारभारतीच्या पद्धतीची म्हणून ती आपल्याकडे घरोघरी माहीत आहे: आधी वर्तुळ, मग चाळणीने रंगाचा गालिचा, आणि त्यावर मुठीतून, पाच बोटांतून सोडलेल्या पांढऱ्या रेघा. वर्तुळासाठी सुतळीचं एक टोक मदतनिसाने अंगठ्याने मध्यावर दाबून धरायचं, दुसऱ्या टोकाला खडू. सुतळी ढिली पडली तर वर्तुळ अंड्यासारखं होतं, म्हणून फिरवताना ती ताणलेलीच ठेवा.

सहा पाकळ्या हव्या असतील तर कोनमापक लागत नाही. ज्या सुतळीने वर्तुळ काढलं तिच्याच लांबीने कडेवर खुणा करत जा, बरोबर सहाव्या खुणेला परत सुरुवातीच्या जागी याल. आठ पाकळ्यांसाठी आधी अधिकचं चिन्ह काढून चार भाग करायचे, मग प्रत्येकाचा अर्धा. फरशी असेल तर तिच्या सांध्यांवरून काटकोन आयता मिळतो.

रंग किती लागेल? दहा फूट व्यासाचं वर्तुळ म्हणजे साधारण ७८ चौरस फूट. त्याला मला पाच ते सहा किलो रंग आणि दोन किलो पांढरी लागते. एक किलो जास्तच न्या. एका छटेचा रंग अर्ध्यावर संपला आणि दुसऱ्या पुडीतला घेतला तर जोड दुरूनही दिसतो.

तीन रूढी लक्षात असू द्या, कारण मोठी माणसं हटकून बघतात. लक्ष्मीची पावलं घरात येणारी काढायची. आणि जिथे पाय पडणार तिथे देवाचं चित्र किंवा ओम काढायचा नाही. नुसती पांढरी रांगोळीही तशीच सोडत नाहीत, वर हळदकुंकू वाहतात.

५. मागे कुणाला तरी उभं करा

हीच पायरी मी सदतीस वर्षं टाळली. ती अशी चढा, एकेक आठवडा देऊन.

पहिला आठवडा: मोबाइल स्टुलावर लावा आणि फक्त हाताचं चित्रीकरण करा. कुणालाही पाठवायचं नाही. कॅमेरा चालू आहे एवढ्यानेच अंगठा अडखळतो, ते तुमच्या लक्षात येईल.

दुसरा आठवडा: घरातल्या कुणाला तरी त्याच खोलीत बसवा, त्यांचं काम घेऊन. माझ्या सासूबाई लसूण सोलत बसायच्या. त्यांना एवढंच सांगितलं होतं, “आई, बघू नका, पण उठून जाऊ नका.”

तिसरा आठवडा: आता त्यांनी बघायचं आणि बोलायचंही. “हे काय काढतेस? हिरवा का नाही घेतला?” अशा प्रश्नांना हात न थांबवता उत्तर द्यायचं.

चौथा आठवडा: जिन्यात किंवा दारासमोर, पहाटे दूधवाला येतो त्या वेळी. दोन-चार माणसं जातील, थांबतील, निघून जातील.

पाचवा आठवडा: इमारतीच्या फाटकाशी किंवा देवळासमोर, संध्याकाळी.

चौथ्या आठवड्यात मी पळाले. लिफ्टचं दार उघडलं, समोरच्या काकू बाहेर आल्या, आणि मी अर्धी रांगोळी तशीच टाकून घरात शिरले. कडी लावून उभी राहिले. दोन मिनिटांनी बेल वाजली. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, “अगं, कासवाला एक पाय राहिलाय. घाल की. मी थांबते.” आणि खरंच थांबल्या. तो चौथा पाय वाकडाच आला. पण मागे कुणीतरी उभं असताना पुरी केलेली ती माझी पहिली रांगोळी. तेव्हा तुमच्या काकू आधीच ठरवून ठेवा. टीका न करणारी आणि उगाच कौतुकही न करणारी अशी एक व्यक्ती शोधा, आणि तुम्हाला काय जमत नाही ते तिला सरळ सांगा.

हात थरथरतोच, त्यासाठी दोन साधे उपाय. भीतीने बोटांना घाम येतो, घामाने रांगोळी ओली होते, मग चिमूट अडते आणि आपल्याला वाटतं आपलंच चुकलं. म्हणून कमरेला कोरडा नॅपकिन खोचा, आणि चिमूट घेण्याआधी थोडी रांगोळी तळहातांवर चोळून झटकून टाका. दुसरं, लोकांसमोर बसल्यावर पहिलं काम रेघेचं घेऊ नका. आधी चाळणीने रंग पसरा. त्या कामाला स्थिर हात लागत नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत बघणाऱ्यांची सवय होते. मग पांढरी हातात घ्या.

रेघ चुकली तर सगळ्यांदेखत ब्रशने बाजूला करा, वर त्याच रंगाची चिमूट गाळणीतून सोडा आणि पुढे जा. दुरुस्ती लपवायला जाल तर आणखी पसरेल.

६. पहिली जागा फुकट असली तरी चालेल, पण छोटी हवी

सोसायटीचं हळदीकुंकू, गणपतीची आरास, वाचनालयाचा वर्धापनदिन, अशा ओळखीच्या जागा घ्या. तीन-चार फुटांची रांगोळी पुरे. आमच्या डोंबिवलीत गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला रस्त्यावर मोठ्या रांगोळ्या निघतात, तिथे गटात शिरून नुसता रंग पसरण्याचं काम मागा. शिकायला ती जागा फार चांगली. कुणी तुमच्याकडे स्वतंत्रपणे बघत नाही, आणि जाणत्यांचे हात जवळून बघायला मिळतात.

फुकट कामं तीनच करायची हे आधीच ठरवा. चौथं काम पैशाचं. “घरचंच कार्य आहे, पैसे कसले” हे वाक्य येणार. मी अशी अकरा कामं केली, बाराव्याला धीर करून आकडा सांगितला. समोरच्यांनी एका शब्दाने घासाघीस केली नाही.

७. पहिली ऑर्डर: काय विचारायचं, किती मागायचं, कोणते कागद

फोनवर होकार देण्याआधी हे विचारून घ्या: जागा बंदिस्त की उघडी? जमीन कसली, आणि फरशी असेल तर रंगाने कोणती? आत कधीपासून सोडतील आणि पाहुणे कधी येणार? वर पंखे आहेत का, एसीचा झोत कुठे पडतो? दिवे पुरेसे आहेत का? काम झाल्यावर कोण झाडणार? जागेचे फोटो मागवा आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी बघून या.

दर असा काढा. दहा फुटांच्या एका कामाचा माझा हिशेब उदाहरणादाखल देते: सामान ७००, जाण्यायेण्यासकट माझे ६ तास ताशी २०० प्रमाणे १२००, मदतनीस ५००, रिक्षा २००. एकूण २६०० रुपये. तुमच्या गावात आकडे वेगळे येतील, पण प्रवासाचे तास धरायला विसरू नका, सुरुवातीला सगळ्या जणी तेच विसरतात. निम्मे पैसे आगाऊ घ्या. नक्षीचं चित्र, माप, रंग, वेळ आणि रक्कम हे सगळं एका संदेशात लिहून पाठवा आणि त्यावर ‘मान्य’ असं उत्तर मिळाल्याशिवाय रंग खरेदी करू नका.

जवळ ठेवायचे कागद: आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, आणि स्वतःच्या दहा-बारा रांगोळ्यांचे फोटो. फोटो स्वतःच्याच कामाचे. दुसऱ्याची रांगोळी नमुना म्हणून दाखवलीत तर तशीच काढून द्यावी लागेल. कंपनी किंवा बँकेचं काम असेल तर पॅन आणि साधं बिल मागतात. नियमित कामं मिळू लागली की उद्यम नोंदणी करून घ्या. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन यांच्या आधारे होते आणि पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी शुल्क मागणारी, दिसायला सरकारीच वाटणारी संकेतस्थळं आहेत, तिथे पैसे भरू नका. जीएसटीची चिंता आत्ता नको, सेवा देणाऱ्यांना सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर ती नोंदणी लागते. सार्वजनिक रस्त्यावर रांगोळी काढायची असेल तर परवानगी आयोजकांनी आणायची, आणि तिची प्रत तुमच्या मोबाइलमध्ये हवी.

आणखी एक सापळा. “आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका” असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

८. त्या दिवशी

अर्धा तास आधी पोहोचा. जमीन झाडून, पुसून, पूर्ण कोरडी करून घ्या. गुळगुळीत पॉलिशच्या फरशीवर रंग सरकतो, तिथे आधी पांढऱ्याचा अगदी पातळ थर चाळा. फिकट फरशीवर गेरूचं पाणी फिरवायचा मोह होईल, पण जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय नको, डाग राहतात.

मध्यापासून सुरू करून मागे मागे सरकत बाहेर या, म्हणजे स्वतःचाच पाय पडणार नाही. ओढणी, पदर, मोकळे केस बांधून घ्या. दर चाळीस मिनिटांनी उठून दहा पावलं लांबून बघा. गुडघे मोकळे होतात, आणि बसून न दिसणारा वाकडेपणा दिसतो.

पंख्यांची बटणं कुठे आहेत ते बघून त्यांवर चिकटपट्टी लावा. माझ्या पहिल्या मोठ्या ऑर्डरीत, एका कार्यालयात, साखरपुड्याला अर्धा तास उरला असताना कुणीतरी सगळे पंखे एकदम लावले. मोराचा पिसारा उडून बाजूच्या गुलाबीवर गेला. माझ्या हातापायांतलं बळ गेलं. मग भाचीने पंखे बंद केले, मी उडालेला रंग ब्रशने ओढून घेतला आणि पिसाऱ्याच्या जागी कमळं भरली, कारण कमळ मी डोळे मिटूनही काढू शकते. एक नक्षी अशी हातात पक्की असू द्या, कुठेही बसेल आणि दहा मिनिटांत होईल अशी.

बघणारे प्रश्न विचारत राहतील. “झाल्यावर निवांत बोलू हं” एवढं हसून म्हणायचं. लहान मूल जवळ आलं तर त्याला कडेला एक ठिपका घालू द्या, मग ते स्वतःच राखण करतं.

फोटो पाहुणे येण्याआधी काढा, शक्य असेल तर स्टुलावर चढून वरून.

९. झाडून घ्या, पोतं घरी आणा

हे काम कार्यालयाच्या माणसांवर टाकू नका आणि रंग गटारात किंवा नदीत तर अजिबात नको. कार्यक्रम संपला की मऊ झाडूने कडेकडून मध्याकडे लोटत आणा. पांढरी, गुलाबी, हिरवी, सगळी मिसळून राखाडी-तपकिरी भुकटी होते. घरी आणून दोनदा चाळा, फुलांच्या पाकळ्या, अक्षता, टाचण्या निघतील. उरलेला रंग सरावाला उत्तम. मोठ्या वर्तुळाच्या बाहेरच्या पट्ट्यालाही चालतो, त्यावर पांढरी रेघ छान उठून दिसते.

माझ्या गॅलरीत त्या रंगाचं पोतं आहे. साखरपुड्याच्या मोराचे निळे कण त्यात अजून मधूनच चमकतात. रोज सकाळी त्यातलीच ओंजळभर जमिनीवर चाळते आणि वर गोपद्मं काढते. गॅलरीचं दार आता उघडं असतं, समोरच्या इमारतीतून दिसतं.